आठवी-नववीत इंजिनिअरिंग: पुण्यात खरंच काय शिकायला मिळतं?

चाफा
मुलगी आठवीत, राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. घरात एखादी वस्तू बंद पडली की तिचे स्क्रू आधी डबीत जातात, मग आम्हाला कळतं की ती बंद पडली आहे. गेल्या पालकसभेत शाळेने जाहीर केलं की शाळा सुटल्यावर रोबोटिक्सचे वर्ग सुरू होणार, बाहेरची एक खासगी संस्था येऊन घेणार. फीचा आकडा पडद्यावर आला आणि मागच्या बाकावरचे दोन-तीन बाबा एकदम खोकले. मुलगी मात्र हट्टाला पेटली आहे.

घरात तीन मतं. नवरा म्हणतो ते पैसे फाउंडेशनला घाला, जेईईचा पाया आत्ताच पक्का होतो. सासरे टेल्कोतून निवृत्त. ते म्हणतात टेक्निकल विषय असलेली शाळा बघा, हाताला वळण लागेल. मी मधल्या मधे. तर पुण्यात या वयाच्या मुलांना खरोखर काही बनवायला शिकवणारं काय काय आहे? शाळेतलं, शाळेबाहेरचं, दोन्ही चालेल. आणि अकरावीला त्याचा काही उपयोग होतो का?

"तिला आवडेल ते करू द्या" हा सल्ला ऑलरेडी मिळालेला आहे, धन्यवाद.

पेठी_पुणेकर
पुण्याची रीत अशी की आधी इंजिनिअर व्हायचं आणि मग आपल्याला काय आवडतं ते शोधायचं. तुम्ही क्रम उलटा करताय. जागा धरून बसलोय.

भोसरीकर
सासऱ्यांच्या बाजूने माझं मत धरा. माझं भोसरीत छोटं फॅब्रिकेशनचं शॉप आहे आणि मी स्वतः शाळेत टेक्निकल घेतलेला माणूस. आमची शाळा साधी होती, वर्कशॉपसाठी आम्हाला शासकीय तांत्रिक विद्यालयात पाठवायचे. सुतारकाम, फिटिंग, वायरिंग आणि ड्रॉइंग.

पहिला जॉब म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडा. चारही कडा काटकोनात आणायच्या. व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारायची, मग कडेला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. गुण्या आणि कडेच्या मधून उजेडाची फट दिसली की सर काही न बोलता तुकडा परत व्हाइसकडे सरकवायचे. आपला हात कानस पुढे नेताना टोकाला खाली झुकतो, म्हणून कड मधे फुगीर आणि टोकांना उतरती होते, हे कळायलाच कितीतरी तास गेले. कोणी सांगून कळत नाही ते. आणि एक मिलिमीटर जास्त घासला गेला की गेला, तिथे अनडू नाही.

आज माझ्याकडे डिग्रीची पोरं इंटर्नशिपला येतात. हुशार असतात, स्क्रीनवर मॉडेल झकास फिरवतात. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं साधन) हातात दिला की मात्र ०.०२ चा लीस्ट काउंट तोंडपाठ असतो आणि जबडे तिरके धरलेले असतात. एकाने ड्रॉइंगमध्ये असं भोक दाखवलं होतं की तिथे ड्रिल पोचूच शकत नाही, वाटेत त्याच पार्टची भिंत. त्याला म्हटलं, बाबा, आता तूच जाऊन पाड.

रोबोट वगैरे शिकू दे, पण आधी हातात कानस, करवत आणि पाना येऊ दे.

कडीपत्ता
चाफा, त्या शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांबद्दल आमचा अनुभव लिहिते. संस्थेचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

मुलगा सातवीत असताना घातलं होतं. दर वर्गाला रंगीत पुस्तिकेतलं एक पान. चित्रात दाखवलंय तसे तुकडे जोडायचे, लॅपटॉपवर आधीच टाकलेला प्रोग्राम चालवायचा, गाडी चालली की टाळ्या, मग सगळं सोडवून परत खोक्यात. वर्षाअखेरीला प्रदर्शन. त्याच्या टेबलावरचा "स्मार्ट डस्टबिन" सकाळी तिथले दादा येऊन जोडून गेले होते. पालक बघायला आले की मुलाने पाठ केलेलं इंग्रजीत म्हणायचं. एका आजोबांनी विचारलं, "झाकण कधी उघडायचं हे हा सेन्सर कसं ओळखतो रे?" मुलगा माझ्याकडे बघायला लागला. पदक मात्र सगळ्यांना.

मला राग फीचा नाही आला. वर्षभरात एकही गोष्ट त्याच्या हातून बिघडली नाही, कारण बिघडूच दिली नाही.

पेठी_पुणेकर
स्मार्ट डस्टबिन हा राष्ट्रीय प्रकल्प घोषित करावा. मी परीक्षक म्हणून गेलो की किमान चार असतातच. बाकी दोन टेबलांवर ज्वालामुखी.

सोल्डरगन
पैसे भरण्याआधी एक विचारा: शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का? नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून देशभरातल्या शाळांना या लॅब मिळाल्या आहेत, दहा हजारांच्या आसपास. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान: दहा लाख उभारणीला आणि दहा लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चाला. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. थ्रीडी प्रिंटर, आर्डुइनो (प्रोग्राम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड), सेन्सर, सोल्डरिंगची साधनं, हातअवजारं, सगळं त्यात येतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅब जाहीर झाल्या आहेत. तुमच्या शाळेत लॅब असेल तर तिथल्या मुलांना त्याच गोष्टीसाठी वेगळी फी का, हा प्रश्न पालकसभेत विचारायला हरकत नाही.

पण लॅब असणं आणि चालणं यात फार अंतर आहे. मी दोन-तीन शाळांत मेंटर म्हणून जातो. आत शिरलं की मी थ्रीडी प्रिंटरकडे जातो. बेडवर धूळ असेल, फिलामेंटचं (प्रिंटरला लागणाऱ्या प्लास्टिकच्या तारेचं) रीळ अजून प्लास्टिकच्या पिशवीत असेल, तर पुढचं काही विचारत नाही. चालू लॅबमध्ये फसलेल्या प्रिंटच्या शेवयांचा ढीग कोपऱ्यात असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक काळं पडलेलं असतं. मल्टिमीटरचा निदान एक तरी फ्यूज उडालेला असतो. आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारा. मुख्याध्यापकांच्या कपाटात असेल तर ती लॅब पाहुण्यांसाठी आहे. विज्ञानाच्या बाईंच्या पर्समध्ये असेल तर मुलीला आजच पाठवा.

चाफा
सोल्डरगन, हे कामाचं. आमच्या शाळेत लॅब आहे असं पाटीवर तरी लिहिलंय. मुलीला विचारलं तर म्हणाली, "तिथे आमचं वजन-उंची करतात."

सोल्डरगन
:) मग अनुदान वजनदार आहे म्हणायचं.

रोबोटताई
मी एका शाळेच्या टीमची मेंटर आहे, स्पर्धांबद्दल लिहिते. मुलांच्या डोक्यात "रोबोटिक्स" म्हणजे बहुतेक वेळा स्पर्धाच असते.

शाळकरी मुलांसाठी आपल्याकडे फर्स्ट लेगो लीग, फर्स्ट टेक चॅलेंज आणि वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड ही मोठी नावं. लेगो लीग लहान गटाची, अडीच मिनिटांत टेबलावरची जमतील तेवढी कामं रोबोटने स्वतःहून करायची. टेक चॅलेंज सातवी ते बारावी. तिथला रोबोट सुरुवातीला १८ इंचांच्या घनात बसला पाहिजे. पहिले ३० सेकंद तो स्वतः चालतो, मग दोन मिनिटं मुलं रिमोटने चालवतात. खेळाइतकंच महत्त्व पोर्टफोलिओला: काय ठरवलं, काय फसलं, का बदललं. परीक्षक मुलांना आत बोलावतात, मेंटरला तिथे बोलता येत नाही. कडीपत्ता यांच्या मुलाला जो प्रश्न आजोबांनी विचारला, तसले प्रश्न तिथे लागोपाठ येतात आणि दादांनी जोडलेलं सगळं उघडं पडतं.

खर्च मोठा आहे, लपवत नाही. किट परदेशी, प्रवेश फी, प्रवास, वर प्रायोजक शोधा. म्हणून आमच्याकडे पहिलं वर्ष स्पर्धा नाहीच. तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणलेल्या सुट्या सामानावर काम. गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. नववीच्या मुलींनी एक हात बनवला होता, चार सर्वो मोटर्स (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या). रिकामा छान हलायचा. डबा उचलायला लावला की आर्डुइनो रिसेट व्हायचा आणि हात झटका देऊन पहिल्या जागी. मुलींनी प्रोग्राम चार वेळा बदलला. मी गप्प बसले, ते फार कठीण असतं. शेवटी एकीने मल्टिमीटरची टोकं बोर्डच्या पाच व्होल्टच्या पिनेवर धरली आणि दुसरीला डबा उचलायला लावला. आकडा पाचावरून खाली घसरला आणि बोर्डचा दिवा विझून परत लागला. सर्वो अडकली की दोन अँपिअरच्या वर करंट ओढू शकते, तेवढा बोर्डवरून मिळतच नाही. त्यांनी सर्वोंना वेगळी बॅटरी दिली, तर हात वेड्यासारखा थरथरायला लागला. आता पुढचा शोध: दोन्हीकडचं ग्राउंड एकमेकांना जोडावं लागतं, नाहीतर सिग्नल कशाच्या तुलनेत मोजायचा हे सर्वोला कळत नाही. हे दोन धडे त्या मुली जन्मात विसरणार नाहीत. पुस्तिकेत ही दोन वाक्यं आहेत, पान उलटून पुढे जाता येतं.

आणि चाफा, तुम्ही मुलीची आई म्हणून मुद्दाम लिहिते. मिश्र टीममध्ये आपोआप एक वाटणी होते. मुलगे मशीनपाशी, मुली पोस्टर, फाइल आणि प्रेझेंटेशनला. कोणी दुष्टपणाने करत नाही. "तुझं अक्षर छान आहे ना" म्हणून होतं. आमच्याकडे दर आठवड्याला कामं फिरतात, यादी भिंतीवर लावलेली असते. तुम्ही जिथे घालाल तिथे महिन्याभराने मुलीला विचारा, ड्रिल मशीन कोणाच्या हातात असतं.

कडीपत्ता
शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन. माझ्या भाचीचं अक्षर छान आहे.

खडूफळा
निवृत्त शिक्षक आहे, जिल्ह्यातल्या ग्रामीण शाळांत बरीच वर्षं काढली. शहरातले पालक ज्या गोष्टीसाठी हजारो रुपये मोजतात ती आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात पाबळला, कधीची चालू आहे याची कोणीच दखल घेतली नाही, म्हणून लिहितो.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. अन्नतंत्रज्ञानातलं संशोधन आणि मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून आलेला माणूस. त्यांचं म्हणणं असं की हाताने काम करता करता जे शिकणं होतं तेच स्वाभाविक शिकणं. यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख हा अभ्यासक्रम उभा राहिला, त्याला मंडळाची मान्यता मिळाली. चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य आणि शेती-पशुपालन. आठवड्यातला एक अख्खा दिवस. वेल्डिंग, पत्राकाम, बांधकामात विटांचे थर, विजेचं फिटिंग, मातीची तपासणी, रक्तगट तपासणं. शिकवायला बहुधा गावातलाच कारागीर, बीएड नसलेला. आमच्या स्टाफरूममध्ये सुरुवातीला यावरून कपाळाला आठ्या पडायच्या. पुढे विजेचं बटण बिघडलं की तेच लोक नववीच्या वर्गात निरोप पाठवायचे.

यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे कॉस्टिंग. पोरांनी लोखंडी स्टूल बनवलं तर अँगल किती फूट लागला, कापताना वाया किती गेला, रॉड किती जळले, वीज किती, मजुरी किती, हे लिहून किंमत काढायची. टक्केवारीच्या गणितात दर वर्षी गटांगळ्या खाणारी पोरं वाया गेलेल्या लोखंडाची टक्केवारी बिनचूक सांगायची. कारण तो तुकडा समोर पडलेला असायचा.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या बाहेर जी पहिली फॅब लॅब काढली ती याच पाबळला. लेझर कटर, सर्किट बनवायची यंत्रं, एका खेड्यात. नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आणि दहा दिवस दप्तराविना शाळा वगैरे जे आलंय, ते वाचताना मला हसू आलं. मुलीला एकदा पाबळ दाखवून आणा.

मुठाकाठ
खडूफळा सर, माहिती उत्तम. पण धागाकर्तीचा दुसरा प्रश्न राहिला, अकरावीचा. मी थोडा कडू बोलतो.

इंजिनिअरिंगच्या प्रवेशात यातल्या कशालाही एक मार्क नाही. सीईटीला गणिताचे १०० आणि भौतिक-रसायनाचे ५०-५०. जेईईतही हेच तीन विषय. रोबोटचं पदक तिथे कोणी बघत नाही. त्यामुळे नवऱ्याला अगदी मोडीत काढू नका. फक्त आठवीतलं फाउंडेशन म्हणजे बऱ्याचदा नववी-दहावीचा भाग आधी उरकणं असतं, ते शाळेच्या गणिताकडे नीट लक्ष दिलं तरी होतं.

वाटा दोन आहेत. एक, दहावीनंतर डिप्लोमा. प्रवेश परीक्षा नाही, दहावीच्या गुणांवर. तीन वर्षं वर्कशॉप आणि ड्रॉइंगसकट, आणि मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दोन, अकरावी सायन्सला बायफोकल: इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकल मेंटेनन्स, २०० मार्कांचा विषय. त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि बहुतेक वेळा जीवशास्त्र सुटतं, म्हणजे मेडिकलची थेट वाट बंद. अकरावीची रचना बदलत्या धोरणात हलते आहे, तेव्हा त्या वर्षी कॉलेजात जाऊन नीट विचारा.

पेठी_पुणेकर
डिप्लोमा? हुशार मुलीला? नातेवाईक काय म्हणतील हो. (मी नाही म्हणत, नातेवाईक म्हणतात.)

भोसरीकर
नातेवाईकांना म्हणावं गव्हर्मेंट पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटरचा कट-ऑफ बघून या, मग बोलू. गणेशखिंड रोडला आहे, बस जाते.

मुठाकाठ
आणखी एक. "इंटिग्रेटेड" नावाखाली, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र अशी, जी अकरावी-बारावी चालते, तिथे प्रॅक्टिकलची जर्नलं कशी भरतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या मुलाने दोन वर्षांत व्होल्टमीटरला हात न लावता प्रॅक्टिकलला उत्तम गुण मिळवले. तो आता इलेक्ट्रिकलला आहे.

सोल्डरगन
ड्रॉइंगवरून आठवलं. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांना लोक "चित्रकला आवडते म्हणून" बसवतात. इंटरमीजिएटमध्ये भूमितीचा पेपर असतो, त्यात घनभूमिती आहे: शंकू, प्रिझम, त्यांचे वरून आणि समोरून दिसणारे आकार. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ग्राफिक्समध्ये पोरांची दांडी उडते ती इथेच. दहावीला ए ग्रेडचे सात, बीचे पाच, सीचे तीन वाढीव गुण मिळतात तो वेगळा फायदा. त्यानंतर घरच्या कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल बनवायला टिंकरकॅड फुकट आहे, ते जमलं की ऑनशेप. सीबीएसईवाल्यांना अकरावीत इंजिनिअरिंग ग्राफिक्स हा विषयच घेता येतो, शाळेने ठेवला असेल तर.

आणि इन्स्पायर-मानक विसरू नका. शाळेमार्फत मुलांच्या कल्पना पाठवायच्या, निवड झाली तर नमुना बनवायला दहा हजार रुपये थेट मुलाच्या खात्यात. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना. बऱ्याच शाळा कंटाळा करतात म्हणून नावंच जात नाहीत. वर्गशिक्षिकांच्या मागे लागा.

चाफा
सगळ्यांचे आभार, वही घेऊन बसले आहे. नवऱ्याला धागा वाचायला दिला. तो फक्त मुठाकाठ यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचतोय.

खासगी वर्गाला तूर्त नाही म्हटलं. लॅबच्या किल्लीची चौकशी केली, ती क्रीडा शिक्षकांकडे आहे! विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, दोन-तीन पालक शनिवारी थांबणार असतील तर उघडायला तयार आहे. रोबोटताई, एक विचारायचं: शनिवारी आम्ही पालकांनी नक्की करायचं काय? आमच्यात एक सीए, एक दंतवैद्य आणि मी.

रोबोटताई
दंतवैद्य म्हणजे लॉटरी! बारीक ड्रिल आणि स्थिर हात. सोल्डरिंगला त्यांनाच बसवा. बाकीच्यांनी मुलांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घ्यायचा नाही एवढंच. खिडक्या उघड्या, डोळ्यांना चष्मे, लांब केस बांधलेले, आयर्नसाठी स्टँड. पहिल्या दिवशी प्रिंटर चालू करू नका, दिवसभर सगळे तेच बघत उभे राहतात. जुने पंखे, रेडिओ, प्रिंटर आणून उघडायला द्या. जुन्या इंकजेट प्रिंटरमध्ये मोटर, दातेरी पट्टा आणि गुळगुळीत दांडा मिळतो, त्यातून पुढे पुष्कळ काही बनतं.

आणि आयुकात (विद्यापीठाच्या आवारातली खगोलशास्त्राची संस्था) दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान असतं, तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका. तो शनिवार लॅब बंद ठेवून सगळी वरात तिकडे न्या.

पेठी_पुणेकर
सामान जुन्या बाजारातून घ्या, रविवारी आणि बुधवारी भरतो. भाव सांगितल्यावर निम्मा म्हणा. तो चिडला तर बरोबर चाललंय. तपकीर गल्लीत मात्र नुसतं "मोटर द्या" म्हणू नका. किती व्होल्ट, किती आरपीएम, शाफ्ट केवढा, हे कागदावर लिहून मुलीलाच काउंटरवर पाठवा. तिथल्या काकांची एक तोंडी परीक्षा पास झाली की कुठल्याही परीक्षकाला ती घाबरणार नाही.

भोसरीकर
चाफाताई, सासऱ्यांना आणि मुलीला घेऊन आमच्या शॉपवर या. मशीनवर उभं करणार नाही, तिचं वय नाही आणि कायदाही परवानगी देत नाही. पण बेंच, व्हाइस आणि कानस देतो, लोखंडाची पट्टी माझ्याकडून. पायात बूट पाहिजेत, सँडल घालून आली तर दारातून परत. गुरुवारी या, एमआयडीसीला सुट्टी असते, आवाज नसतो.

चाफा
गुरुवारी शाळा!

भोसरीकर
मग दिवाळीच्या सुट्टीतला एखादा गुरुवार बघा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

कडीपत्ता
काका, आणखी एक जागा आहे का? माझ्या भाचीसाठी. बूट आहेत तिच्याकडे.

भोसरीकर
मी शाळा नाही काढलेली हो. व्हाइस दोनच आहेत. दोघींना पुरतील.